'आपण' म्हणणारी भित्तिपत्रके

इतिहास लिहिताना सनदा, तह आणि कायदे पाहण्याचा प्रघात आहे. कारखान्याच्या भिंतीवर लावलेला कागद मात्र सहसा कोणी जपत नाही. तथापि एखाद्या काळी कामगाराला काय ऐकवले जात होते, हे जाणण्यास त्या कागदासारखे दुसरे साधन नाही, असे आम्हांला वाटते. म्हणून दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील कारखान्यांतून लागलेल्या भित्तिपत्रकांचा येथे विचार करू.

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात पडली. त्याच महिन्यात वॉशिंग्टनला मालक व कामगार संघटना यांची परिषद भरली आणि युद्ध संपेपर्यंत संप न करण्याचे वचन कामगार पुढाऱ्यांनी दिले. जानेवारी १९४२ मध्ये डोनाल्ड नेल्सन यांच्या हाताखाली युद्धोत्पादन मंडळ स्थापन झाले. मार्चमध्ये त्याने उत्पादनवाढीची मोहीम काढली आणि कारखान्या-कारखान्यांतून कामगार व व्यवस्थापन यांच्या संयुक्त समित्या निघाल्या. त्यांची संख्या पुढे सुमारे ५,००० झाली. कामगारांकडून सूचना मागवणे, माल वाया जाऊ न देणे, गैरहजेरी कमी करणे, भित्तिपत्रके लावणे ही त्यांची कामे. पगार व तक्रारी हे विषय मात्र त्यांच्या कक्षेबाहेर होते. एवढा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा.

१९४२ सालचे जनरल मोटर्सचे एक भित्तिपत्रक आहे. बाह्या सरसावलेले दोन हात. एक कामगाराचा, दुसरा व्यवस्थापनाचा. मजकुराचा भाव असा की, एकत्र येऊन आपण हे करू शकू. येथे आपली मराठी मोठी उपयोगी पडते. इंग्रजीत 'वी' हा एकच शब्द. आपल्याकडे त्याला दोन शब्द आहेत. ऐकणारा त्यात धरला तर 'आपण', बाहेर ठेवला तर 'आम्ही'. भित्तिपत्रकावरचा शब्द निःसंशय 'आपण' होता. पगाराच्या दिवशी तो कोणता होता, हे पाहिले पाहिजे.

रुमाल बांधलेली, दंड दाखवणारी ती प्रसिद्ध स्त्री पुष्कळांच्या परिचयाची असेल. ते चित्र जे. हॉवर्ड मिलर यांनी वेस्टिंगहाउस कंपनीसाठी काढले आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये ते अवघे दोन आठवडे त्या कंपनीच्या काही कारखान्यांत लागले. स्त्रीमुक्तीचे प्रतीक म्हणून त्याची ख्याती झाली ती १९८० नंतर. त्याच मालिकेतील मिलर यांचे दुसरे एक चित्र मात्र कोणी घरात लावत नाही. कामाविषयी काही शंका असल्यास आपल्या सुपरवायझरला विचारा, असा त्याचा उपदेश आहे. संघटनेच्या प्रतिनिधीला विचारा, असे नव्हे!

आता पगार पाहू. जुलै १९४२ मध्ये युद्ध-कामगार मंडळाने दंडक घातला: जानेवारी १९४१ च्या मानाने मूळ दर १५ टक्क्यांपेक्षा अधिक वाढावयाचे नाहीत. इकडे लढाऊ सामानाचे अनेक ठेके असे की, येईल तो खर्च सरकारने द्यावा आणि वर ठरलेला नफाही द्यावा. १९४३ मध्ये कोळसा खाणकामगार जॉन लुइस यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले, आणि त्याच जूनमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांचा नकाराधिकार डावलून संपांना आवर घालणारा कायदा संमत झाला. तरी १९४४ साली जवळजवळ ५,००० संप झाले. त्याच वर्षी त्या देशाने ९६,००० हून अधिक विमाने बांधली. म्हणजे सहकार्य खरे होते आणि असंतोषही खरा होता. भिंतीवर मात्र त्यांपैकी एकच दिसे.

मग ही भित्तिपत्रके निव्वळ थोतांड होती काय? तसे आम्ही म्हणणार नाही. १९४३ चे एक सरकारी भित्तिपत्रक पाहा. एक काळा व एक गोरा कामगार विमानावर एकत्र काम करीत आहेत, वर राष्ट्रध्वज आहे. हे चित्र सरकारला आपोआप सुचले नव्हते. १९४१ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ या काळ्या कामगार पुढाऱ्याने राजधानीवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा २५ जून रोजी संरक्षण उद्योगांतील वर्णभेदाविरुद्ध हुकूम निघाला. चित्र त्याच्या मागून आले. परंतु हुकमाने मने बदलत नाहीत. जून १९४३ मध्ये डेट्रॉइटच्या पॅकार्ड कारखान्यात तीन काळ्या कामगारांना बढती मिळाली म्हणून सुमारे २५,००० गोरे कामगार बाहेर पडले. पुढे त्याच महिन्यात त्या शहरात दंगल होऊन ३४ माणसे मेली. त्यांत २५ काळी होती. 'आपण' हा शब्द केवळ मालकच मोडतो असे नाही, कामगारही मोडतो. ही गोष्ट आम्हां संघटना चालवणारांना कडू लागली तरी सांगितली पाहिजे.

युद्ध संपताच हिशेबाची वेळ आली. शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांतून स्त्रियांना मोठ्या संख्येने घरी पाठवण्यात आले. २१ नोव्हेंबर १९४५ रोजी त्याच जनरल मोटर्समध्ये तीन लाखांवर कामगारांनी संप पुकारला. मोटारींच्या किमती न वाढवता ३० टक्के पगारवाढ द्या आणि ती परवडत नसेल तर हिशेबाच्या वह्या दाखवा, अशी वॉल्टर रॉयथर यांची मागणी होती. कंपनीने वह्या उघडल्या नाहीत. ११३ दिवसांनी तासाला साडेअठरा सेंट वाढ घेऊन संप मिटला. दोन हातांच्या चित्रात जे दिसत नव्हते ते त्या दिवशी दिसले: घाम सामाईक होता, वह्या मात्र एकाच हातात होत्या.

असे भित्तिपत्रक म्हणजे एक हुंडी आहे, असे आम्ही मानतो. ती फाडून टाकण्यात शहाणपण नाही आणि चौकटीत घालून पूजण्यातही नाही. ती वटवावी लागते. रँडॉल्फ यांनी ती काही अंशी वटवली. रॉयथर यांच्या सोबत्यांना निम्मीशिम्मीच वटवता आली. आजही कारखान्याच्या आणि कचेरीच्या भिंतीवर 'आपण सारे एक कुटुंब' अशा पाट्या झळकतात. ती पाटी खुशाल वाचावी. फक्त ती लावणाऱ्या समितीच्या कामकाजात पगाराचा विषय येतो की नाही, तेवढे विचारून घ्यावे.