खिळ्यांतून घडलेले अक्षर

मराठीचे छापील रूप महाराष्ट्रातच जन्मास आले, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले. फोर्ट विल्यम कॉलेजातील वैजनाथ पंडितांचे साहाय्य त्यास लाभले होते. आणि तेथील देवनागरी खिळ्यांमागे पंचानन कर्मकार या बंगाली लोहाराचे कसब उभे होते. पुढच्याच वर्षी तंजावरास सरफोजीराजांच्या छापखान्यात ‘बालबोध मुक्तावली’ छापून निघाली. मराठी मुद्रणाचे बालपण असे परप्रांतात गेले.

मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले. छापलेले पंचांग पूजेच्या घरात ठेवावे काय, शाईत चरबी तर नसेल, या शंकांनी लोक बिचकत होते. गणपत कृष्णाजींनी शाईत चरबीऐवजी तूप वापरले, असे सांगतात. आज ही गोष्ट गमतीची वाटेल. परंतु वाचकाचा विश्वास संपादन केल्यावाचून छापील ग्रंथ घरोघरी पोहोचणे शक्य नव्हते, हे त्या कुशल मुद्रकाने अचूक ओळखले होते.

खरी कसोटी होती ती खिळ्यांची. पोलादी पट्टीच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे, ते तांब्यावर ठोकून साचा करावयाचा आणि त्यात शिशाचा मिश्र रस ओतावयाचा, अशी ती रीत. रोमन लिपीस मोजकी अक्षरे पुरतात. देवनागरीस काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे धरून शेकडो खिळे लागतात. शिवाय प्रत्येक खिळ्यावरील शिरोरेषा एकाच उंचीस यावी लागते. ती केसभर खालीवर झाली, तर सबंध शब्द मोडल्यासारखा दिसतो.

ही कसोटी उत्तम प्रकारे उतरले ते जावजी दादाजी (१८३९–१८९२). घरची गरिबी, शिक्षण बेताचे. लहान वयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामावर लागले. १८६४ साली त्यांनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा अक्षर कोरणारा सहकारी त्यांना लाभला, हे मराठी वाचकांचे भाग्यच म्हणावयाचे. निर्णयसागरी वळण इतर छापखान्यांनीही आपलेसे केले. १८८६ पासून निघू लागलेल्या ‘काव्यमाले’तील संस्कृत ग्रंथ तर शुद्धता आणि सुबकता या दोन्ही गुणांनी परदेशीच्या विद्वानांपर्यंत पोहोचले.

ग्रंथावर कर्त्याचे, संपादकाचे आणि छापखान्याचे नाव असे. अक्षर कोरणाऱ्याचे नाव घालण्याची प्रथा नव्हती. घरात आजोबांची एखादी जुनी निर्णयसागरी पोथी असल्यास तिचे पान उलटून मागील बाजूवर हलकेच बोट फिरवावे. खिळ्यांचा दाब अद्यापि बोटाला लागतो.