डोंबिवली

महाराष्ट्र राज्याच्या ठाणे जिल्ह्यातील, कल्याण तालुक्यात मोडणारे एक शहर. ते मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून लोहमार्गाने ईशान्येस सु. ४८ किमी. अंतरावर, उल्हास नदीच्या दक्षिणेस वसले असून मध्य रेल्वेच्या ठाणे–कल्याण टप्प्यातील महत्त्वाचे उपनगरी स्थानक आहे. १९८३ पासून ते कल्याणसह एकाच महानगरपालिकेच्या क्षेत्रात येते. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची एकूण लोकसंख्या सु. १२·५ लाख (२०११) होती. बंदर, किल्ला, तीर्थक्षेत्र वा मोठी बाजारपेठ यांपैकी कशाच्याही आधारावर हे शहर वाढलेले नाही. दुसऱ्या शहरातील नोकरी हा त्याचा प्रमुख आर्थिक पाया होय. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय निवासी उपनगराचे ठळक उदाहरण म्हणून त्याच्या वाढीचा इतिहास उद्बोधक ठरतो.

पूर्वपीठिका : लगतच्या कल्याणला प्राचीन इतिहास आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत आणि पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा बंदर म्हणून उल्लेख येतो. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये ते स्वराज्यात आणले. डोंबिवलीस मात्र असे राजकीय वा व्यापारी महत्त्व नव्हते. आयरे, पाथर्ली, चोळे, ठाकुर्ली, मोठागाव, कोपर इ. लहान गावे व पाडे मिळून हा परिसर बनलेला होता. येथील मूळ वस्ती मुख्यत्वे आगरी व कोळी समाजांची. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी ही या पट्ट्यातील उपजीविकेची पारंपरिक साधने. पुढे ज्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, ती बहुतांशी याच गावकऱ्यांची शेते, खाजणे व गुरचरणे होती.

लोहमार्ग : बोरीबंदर ते ठाणे हा भारतातील पहिला प्रवासी लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला आणि १८५४ मध्ये तो ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणपर्यंत नेण्यात आला. हा मार्ग डोंबिवलीच्या शिवारातून गेला खरा, परंतु घाटापलीकडचा कापूस व अन्य माल मुंबई बंदरात आणणे, हा त्यामागील प्रमुख हेतू होता. वाटेवरील खेड्यांत नोकरदार येऊन राहतील, हे त्या वेळच्या आखणीत नव्हते. डोंबिवली येथे स्थानक झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९१६ मध्ये पारसिक डोंगरातील सु. १·३ किमी. लांबीचा बोगदा खुला झाला व जलद गाड्यांचा मुंब्र्याकडील वळसा वाचला. १९२५ नंतर मुंबईच्या उपनगरी मार्गांचे टप्प्याटप्प्याने विद्युतीकरण झाले. त्यास लागणारी वीज पुरविण्यासाठी ठाकुर्लीजवळ चोळे येथे रेल्वेचे औष्णिक वीजनिर्मिती केंद्र उभारण्यात आले. विजेवरील गाड्यांमुळे कल्याणपर्यंतचा पट्टा दररोज ये-जा करण्याच्या टप्प्यात आला.

उपनगरांच्या वाढीतील लोहमार्गाचे स्थान सर्वत्र सारखे नाही. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेने आपल्या मार्गालगतच्या वसाहतींची १९१५ पासून ‘मेट्रोलँड’ या नावाने जाहिरात केली. जपानमध्ये ओसाकाजवळील एका खाजगी विद्युत् रेल्वे कंपनीने १९१० मध्ये इकेदा येथे हप्तेबंदीने घरे विकली. अशा ठिकाणी गाडी चालविणारा आणि वसाहत वसविणारा एकच असल्याने दोहोंचा मेळ घातला जाई. डोंबिवलीत रेल्वे केंद्राची, नागरी सुविधा स्थानिक संस्थेच्या आणि घरे खाजगी विकासकांची अशी विभागणी झाली. एकाच्या वाढीचा हिशेब दुसऱ्याने ठेवावा, अशी कोणतीही व्यवस्था नव्हती. शहराच्या बहुतेक अडचणींचे मूळ या विभागणीत सापडते.

नागरी वाढ : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे स्थिरावलेल्या कुटुंबांची संख्या अल्प होती. स्वातंत्र्योत्तर काळात हे चित्र झपाट्याने पालटले. मुंबईची लोकसंख्या वाढत होती, पण परवडणारी घरे मिळत नव्हती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीशी बांधली गेली. त्यामुळे आहे त्या भाडेकरूंना संरक्षण मिळाले, परंतु नवी घरे बांधून भाड्याने देण्यात मालकांना स्वारस्य उरले नाही आणि हाती असलेल्या खोलीसाठीही ‘पागडी’ मोजावी लागू लागली. गिरगाव, दादर, लालबाग, परळ येथील चाळींतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात मुलांची लग्ने झाली की जागा अपुरी पडे. सरकारी कचेऱ्या, बँका, विमा कंपन्या, रेल्वे, टपाल खाते व गिरण्यांची कार्यालये यांत काम करणाऱ्या नोकरदारास आपल्या ऐपतीत स्वतःचे घर हवे असेल, तर १९५७ मध्ये मुलुंड-दहिसरपर्यंत विस्तारलेल्या बृहन्मुंबईची हद्द ओलांडण्यावाचून पर्याय नव्हता. भविष्य निर्वाह निधीतून उचललेली रक्कम, पतपेढीचे कर्ज व पत्नीचे दागिने यांच्या बळावर अनेकांनी डोंबिवलीत घर केले. सुरुवातीस बंगले व बैठ्या चाळी, नंतर तीन-चार मजली सहकारी गृहनिर्माण संस्था आणि पुढे उंच इमारती, असा बांधकामाचा क्रम आढळतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम (१९६०) व सदनिकांच्या मालकीविषयीचा १९६३ चा कायदा यांमुळे सामायिक इमारतीतील मालकीला कायदेशीर चौकट मिळाली.

शेजारच्या शहरांशी तुलना केल्यास डोंबिवलीचे वेगळेपण स्पष्ट होते. उल्हासनगर हे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी शासनाने लष्करी छावणीच्या जागी वसविले. नवी मुंबईची आखणी १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने केली. डोंबिवली मात्र कोणीही वसविली नाही. हजारो कुटुंबांनी स्वतंत्रपणे, पण सारख्याच कारणांनी घेतलेल्या निर्णयांतून ती घडली.

सार्वजनिक जीवन : नागरी सुविधा घरांच्या मागून आल्यामुळे रहिवाशांनी स्वतःच संस्था उभारल्या. १९२४ मध्ये स्थापन झालेले श्रीगणेश मंदिर हे पुढे धार्मिक केंद्राबरोबरच सार्वजनिक उपक्रमांचेही केंद्र बनले. शिक्षणप्रसारक मंडळांनी शाळा काढल्या. डोंबिवली शिक्षण प्रसारक मंडळाच्या महाविद्यालयास येथील उद्योजक के. वि. पेंढरकर यांचे नाव देण्यात आले. १९७० मध्ये स्थापन झालेली डोंबिवली नागरी सहकारी बँक ही पगारदारांच्या बचतीतून वाढली. यांशिवाय वाचनालये, व्याख्यानमाला, संगीतसभा, व्यायामशाळा व गणेशोत्सव मंडळे यांचे दाट जाळे शहरात निर्माण झाले. ज्यांचा दिवसाचा मोठा भाग गावाबाहेर जातो, अशा लोकांनी संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशी हे कार्य केले, हे लक्षणीय होय. गुढी पाडव्यास नववर्ष स्वागतयात्रा काढण्याची प्रथा येथे १९९९ मध्ये सुरू झाली व अल्पावधीत महाराष्ट्रातील अनेक शहरांनी ती उचलली. दिवाळीच्या पहिल्या पहाटे फडके रस्त्यावर जमणारा तरुणांचा मेळावाही प्रसिद्ध आहे.

साहित्यिक पु. भा. भावे यांचे वास्तव्य डोंबिवलीत होते. कथाकार व नाटककार शं. ना. नवरे (१९२७–२०१३) यांच्यामुळे येथील मध्यमवर्गीय कुटुंबजीवनाचा सूर मराठी कथा-नाटकांत उमटला. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे नव्वदावे अधिवेशन अक्षयकुमार काळे यांच्या अध्यक्षतेखाली फेब्रुवारी २०१७ मध्ये येथे भरले. आगरी यूथ फोरम ही त्याची यजमान संस्था होती. बाहेरून आलेल्या नोकरदारांचे शहर अशी ओळख असलेल्या गावी मूळ रहिवाशांच्या संस्थेने साहित्याचे यजमानपद भूषवावे, ही गोष्ट शहराच्या सामाजिक इतिहासात महत्त्वाची आहे.

दैनंदिन जीवन : येथील कुटुंबाचा दिनक्रम गाड्यांच्या वेळापत्रकाशी बांधलेला असतो. घर निवडताना स्थानकापासूनचे चालत अंतर प्रथम विचारात घेतले जाते. ठराविक गाडीच्या ठराविक डब्यातून जाणाऱ्यांचे गट बनतात. त्यांत भजने होतात, पत्त्यांचे डाव रंगतात, वाढदिवस साजरे होतात आणि दसऱ्याच्या सुमारास डब्याला तोरणे बांधून पूजा केली जाते. नोकरी करणाऱ्या स्त्रियांवर प्रवासाचा भार दुहेरी पडतो. परतीच्या वाटेवर महिलांच्या डब्यात भाजी निवडणे-चिरणे, हे दृश्य नेहमीचे होय. शहरात पोळी-भाजी केंद्रे मोठ्या संख्येने निघाली, त्यांच्या मुळाशीही वेळेची हीच टंचाई आहे. दररोजच्या तीन-चार तासांच्या प्रवासामुळे मुलांचे संगोपन बहुतांशी आजी-आजोबा व पाळणाघरे यांच्याकडे गेले. या जीवनातील कोंडी निशिकांत कामत दिग्दर्शित डोंबिवली फास्ट (२००५) या चित्रपटात प्रभावीपणे मांडली आहे. त्याचा नायक हा बँकेतील एक सामान्य कर्मचारी आहे.

प्रशासन व उद्योग : ग्रामपंचायत, नगरपालिका व महानगरपालिका अशा टप्प्यांतून येथील स्थानिक प्रशासन गेले. १९८३ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली, तरी तिची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९९५ मध्ये झाली. मधली सु. बारा वर्षे, म्हणजे बांधकामाच्या ऐन भराचा काळ, प्रशासकीय राजवटीत गेला. परिसरातील २७ गावे महानगरपालिकेत प्रथम घेण्यात आली, २००२ मध्ये वगळण्यात आली व २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. या फेरबदलांमुळे पाणीपुरवठा, रस्ते व बांधकाम-परवानग्या यांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न वारंवार उद्भवला. लोहमार्गाने शहराचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग केले असून ते जोडणारे पूल मोजकेच आहेत. २०१९ मध्ये कोपर उड्डाणपूल दुरुस्तीसाठी बंद झाला, तेव्हा सु. दोन वर्षे नागरिकांची मोठी गैरसोय झाली.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९६० नंतरच्या दशकात शहराच्या पूर्वेस औद्योगिक क्षेत्र उभारले. तेथे रसायने, रंग, औषधे, कापड-प्रक्रिया व अभियांत्रिकी हे उद्योग वाढले. तथापि निवासी वस्ती कारखान्यांना येऊन भिडल्याने प्रदूषण व अपघात यांचा धोका बळावला. २६ मे २०१६ रोजी एका रासायनिक कारखान्यातील स्फोटात १२ जण मृत्युमुखी पडले. २३ मे २०२४ रोजीही अशाच स्फोटात दहाहून अधिक बळी गेले. धोकादायक कारखाने अन्यत्र हलविण्याचा विचार शासनाने वेळोवेळी मांडला आहे.

घरांचा प्रश्न : ज्या गरजेतून शहर जन्मले, तीच गरज पुढे अनधिकृत बांधकामांचे कारण ठरली. न्या. अग्यार समितीने महानगरपालिका क्षेत्रात १९८३ ते २००७ या काळातील सु. ६८ हजार अनधिकृत बांधकामांची नोंद केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, बनावट परवानग्यांच्या आधारे स्थावर संपदा प्राधिकरणाकडे नोंदविलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश दिला. यांतील अनेक इमारतींत कुटुंबे राहावयास आली होती. कर्ज काढून, नोंदणी पाहून घेतलेले घर बेकायदेशीर ठरल्याने मध्यमवर्गाच्या सुरक्षिततेच्या कल्पनेलाच धक्का बसला. स्वतःचे छप्पर हे या शहराचे मूळ आश्वासन होते; त्याचाच भरवसा उरला नाही.

लोहमार्गावरील अवलंबन : मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे उपनगरी गाड्या बंद झाल्या. जूनमध्ये त्या केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाल्या. इतरांना शिळफाटा मार्गाने बसमध्ये तासन्‌तास काढावे लागले. लोहमार्गास पुरेसा पर्याय नाही, हे या काळात सिद्ध झाले. ठाणे ते दिवा यांदरम्यानचे पाचवे व सहावे लोहमार्ग २०२२ मध्ये पूर्ण झाले व १५ डब्यांच्या गाड्याही धावू लागल्या. परंतु खोणी, पलावा इ. नव्या वसाहतींमुळे प्रवासीही वाढत गेले. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळ विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन गच्च भरलेल्या गाड्यांच्या दारांतील प्रवासी खाली पडले. त्यात किमान चार जणांचा मृत्यू झाला. आपोआप बंद होणाऱ्या दारांचा विषय त्यानंतर तातडीने पुढे आला.

कल्याण–तळोजे मेट्रो मार्गाचे काम हाती घेण्यात आले असून त्यामुळे प्रवासाची नवी दिशा खुली होण्याची अपेक्षा आहे. तथापि वाहतुकीची साधने वाढविणे हा प्रश्नाचा एक भाग झाला. मुंबईत काम व डोंबिवलीत घर ही विभागणी कायम राहिली, तर प्रत्येक नव्या मार्गालगत नवी वस्ती उभी राहते व गर्दी पूर्ववत होते, हा येथील अनुभव आहे. रोजगार घराजवळ येणे आणि इमारतीपूर्वी रस्ता, पाणी व वैध परवाना यांची हमी मिळणे, या दोन गोष्टी साधल्या नाहीत, तर शहराने संस्थाजीवनातून मिळविलेल्या लौकिकाची किंमत नागरिक आपल्या वेळेने व प्रसंगी प्राणांनी चुकवीत राहतील.