मानमोडीच्या साली

आमची आजी कर्जत तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावची. १९१८ साली ती दहा वर्षांची होती. मानमोडीची, म्हणजे त्या साली आलेल्या इन्फ्लुएंझाच्या साथीची गोष्ट ती तापापासून सुरू करायची नाही, पावसापासून करायची. त्या साली पावसानं दगा दिला, बाजरी करपली, गुरांना कडबा राहिला नाही आणि दिवाळीच्या तोंडावर उपाशी घरांत ताप शिरला. जूनमध्ये मुंबईत आलेली साथ ऑक्टोबरपर्यंत अशी खेड्यापाड्यांत पोचली होती. मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं गेली, हे मी पुढं पुस्तकांत वाचलं. आजीला आकडा ठाऊक नव्हता. "घरात सगळी आडवी, पाणी द्यायला कोण?" एवढंच ती म्हणायची.

तिची चुलती उठती होती, ती घरोघर पेज घेऊन फिरली. गावकुसाबाहेर मात्र कुणी गेलं नाही. हे सांगताना आजीचा आवाज उतरायचा. सरकार तिच्या आठवणीत होतं ते शेतसाऱ्यापुरतं.

शेजारच्या जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यांत कित्येक निरक्षर, दलित, टाकलेल्या. गावकुसाबाहेरचं दार ज्यांना ठाऊक होतं, त्यांच्याच हाती औषधं आली. माझ्या लेखी हा आपल्या भागातला सर्वांत मोठा बदल.

२००५ साली केंद्रानं आशा योजना आणली आणि गावातल्याच बायका घरोघर आरोग्याचं काम करू लागल्या. एप्रिल २०२० मध्ये ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांवरून परतल्या, तेव्हा वस्तीवर चौकशीला गेल्या त्या आशाच. २३ मे २०२० च्या शासन निर्णयानं महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना राज्यातल्या सगळ्यांना खुली झाली, शिधापत्रिकेचा रंग न बघता. फार चांगलं झालं. पण योजना लागू होते रुग्णालयात भरती झाल्यावर. वस्तीवरच्या म्हाताऱ्याचा प्राणवायू उतरलाय, हे त्याआधी कुणाला तरी कळावं लागतं. सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरणाऱ्यांत याच बायका होत्या.

त्यांना पगार नव्हता, कामागणिक मोबदला. कोविडच्या जोखमीसाठी केंद्राकडून महिन्याला हजार रुपये. १५ जून २०२१ रोजी राज्यातल्या आशा संपावर गेल्या आणि आठवड्याभरानं दीड हजारांची वाढ मान्य झाली, त्यातले पाचशे कोविड भत्त्याचे. मला हे फार तोकडं वाटतं. आशांना नियमित पगार आणि निवृत्तिवेतन द्यायला हवं, तेही पुढची साथ येण्याआधी. टोळी गाव सोडते तेव्हा तिच्यातल्या गरोदर बाया, लहान पोरं, क्षयाचे रोगी यांची यादी कारखान्याच्या गावातल्या आशेकडे पोचायला हवी, आणि हंगाम संपून पट्टा पडला की परत इकडं. मुकादमाकडे टोळीतल्या कोयत्यांचा हिशेब असतो. दवाखान्याकडे माणसांचा का नसावा?