चिलमीतला ओलावा: हुक्क्याची तंबाखू आणि गुळाचा इतिहास

हुक्क्याविषयी जे लिहिले गेले आहे त्यात पाण्याच्या भांड्याचे कौतुक फार आहे. बिदरच्या कारागिरांनी काळ्या धातूवर चांदी जडवून घडवलेली तळभांडी आज जगभरच्या संग्रहालयांत मानाने मांडलेली आहेत, सटक नावाच्या लांब लवचिक नळीची चित्रेही पुष्कळ सापडतात. परंतु ज्या पदार्थासाठी हा सारा सरंजाम उभा राहिला, तो चिलमीत भरला जाणारा काळसर, चिकट, ओलसर लगदा मात्र इतिहासकारांच्या नजरेतून बहुधा निसटला आहे. वास्तविक हुक्क्यातील धूर सौम्य वाटतो तो खालच्या पाण्यामुळे जितका, त्याहून अधिक वरच्या चिलमीतील ओलाव्यामुळे. आणि हा ओलावा टिकवायचा कसा, तंबाखू वाळून गेली तर तिच्यात तो पुन्हा आणायचा कसा, या प्रश्नाच्या उत्तरावर हुक्क्याचा धंदा, त्याची चव आणि त्याचा भूगोल बऱ्याच अंशी ठरत गेला.

तंबाखूचे पान हवेतील दमटपणा शोषून घेते आणि हवा कोरडी झाली की तो सोडूनही देते. शेतकरी वाळलेली पाने पहाटेच्या दवात हाताळतात ती याच कारणाने, कारण दुपारच्या उन्हात त्यांचा चुरा होतो. हातात धरून ओढायच्या नुसत्या चिलमीत किंवा विडीत कोरडी तंबाखू चालते, कारण तेथे पान प्रत्यक्ष जळावे अशीच अपेक्षा असते. हुक्क्याची रीत निराळी आहे. तेथे तंबाखूवर अनेकदा तवा नावाची मातीची चपटी खापरी ठेवतात आणि तिच्यावर निखारे रचतात, म्हणजे तंबाखूला आच लागते पण तिने पेट घेऊ नये अशी योजना असते. लगद्यात पुरेसा ओलावा असेल तर आधी तो तापतो, त्याची वाफ सुगंध आणि निकोटीन घेऊन नळीत उतरते आणि पान करपण्यास वेळ लागतो. ओलावा नसेल तर पहिल्या काही झुरक्यांतच पान जळते व घशाला ठसका बसतो. मग नुसते पाणी शिंपडले तर काय बिघडते? साधे पाणी शंभर अंशांवर उडून जाते, त्यामुळे त्याचा उपयोग घटकाभरच होतो, आणि पाणी घातलेली तंबाखू साठवून ठेवली तर तिला बुरशी येते. पाण्याला धरून ठेवणारा एखादा पदार्थ म्हणूनच आवश्यक ठरतो, आणि हिंदुस्थानात तो ऊस पिकवणाऱ्या प्रत्येक मुलखात सहज उपलब्ध होता. गूळ पावसाळ्यात पाघळतो हे मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. त्यातील द्राक्षशर्करा व फलशर्करा हवेतील पाणी ओढून घेतात आणि ते इतके घट्ट बांधून ठेवतात की बुरशीलाही ते सहजासहजी लाभत नाही. गूळ, काकवी किंवा साखर काढून घेतल्यावर उरणारी मळी हे तंबाखूला गोडी देणारे पदार्थ होतेच, पण त्यांचे अधिक महत्त्वाचे काम तिला ओली ठेवणे हे होते.

तंबाखू हिंदुस्थानात पोर्तुगीजांबरोबर आली आणि पश्चिम किनाऱ्यावरून दख्खनेत पसरली. मोगल दरबाराशी तिची ओळखही दख्खनेतूनच झाली. अकबराने आदिलशाहीकडे पाठवलेला असद बेग याने विजापुरात ही वनस्पती पाहिली आणि 1604 च्या सुमारास ती रत्नजडित नळीसह आग्र्यास बादशहापुढे सादर केली. त्याने लिहून ठेवलेल्या वृत्तान्तानुसार अकबराने काही झुरके घेतले, मिर्झा अजीज कोका याने ही वस्तू मक्का व मदिना येथे परिचित असल्याचे सांगितले, तर दरबारातील हकिमाने या अपरिचित औषधावर हरकत घेतली. हुक्क्याचा शोध अकबराचा वैद्य हकीम अबुल फतह गिलानी याने लावला, ही लोकप्रिय समजूत या प्रसंगाशी जुळत नाही; गिलानीचे निधन 1589 मध्ये, म्हणजे असद बेगच्या भेटीपूर्वी सुमारे पंधरा वर्षे आधीच झाले होते. पुस्तकामागून पुस्तकात ही कथा उतरवली जाते, ती केवळ सांगायला सोयीची आहे म्हणून असावी. ‘आईन-इ-अकबरी’त उसाची नोंद आहे, तंबाखूची नाही, पुढील पन्नासएक वर्षांत मात्र तंबाखू हे उत्तर हिंदुस्थानातील महत्त्वाचे नगदी पीक झाले आणि 1617 मध्ये जहांगीरने तिच्यावर घातलेली बंदी या प्रसाराला रोखू शकली नाही.

याच सुमारास जहांगीरच्या दरबारी आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो याच्याबरोबर असलेला पाद्री एडवर्ड टेरी याने पाण्याचे मातीचे लहान भांडे, त्यात बसवलेली बोरूची नळी आणि तंबाखूवर ठेवलेला निखारा यांचे वर्णन केले आहे. येथील लोक तंबाखू भरपूर पिकवतात, पण अमेरिकेच्या बेटांवरील लोकांप्रमाणे ती मुरवून कडक करण्याची कला त्यांना अवगत नाही, असाही शेरा त्याने मारला. टेरीच्या दृष्टीने हे न्यून होते. परंतु हिंदुस्थानी कारागिरांनी पान मुरवण्याचे काम पुढे आपल्या पद्धतीने, कुटलेल्या तंबाखूत गूळ मिसळून, केले, आणि त्यातून निघालेला पदार्थ युरोपातील कोणत्याही तंबाखूपेक्षा वेगळा होता.

हा एकमेव मार्ग नव्हता, हे इराण आणि तुर्कस्तानाकडे पाहिले की ध्यानात येते. तेथे पाण्याच्या नळीसाठी तुंबाकू नावाची निराळ्या जातीची तंबाखू वापरत. एडवर्ड लेन याने 1836 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इजिप्तविषयक ग्रंथात नोंदवल्याप्रमाणे ती अनेकदा धुऊन, ओली असतानाच चिलमीत घालत आणि वर दोन-तीन निखारे ठेवत. धुण्याने तिचा जहालपणा उतरे, कारण निकोटीन पाण्यात विरघळते, आणि ओढणाऱ्याला लागणारा ओलावाही त्याच वेळी मिळे. या पद्धतीत तंबाखू कोरडी साठवावी आणि प्रत्येक वेळी नव्याने भिजवावी लागते; हिंदुस्थानी पद्धतीत ओलावा आधीच मळून ठेवलेला असतो.

हिंदुस्थानी पद्धतीची खरी श्रीमंती लखनौ, दिल्ली, पाटणा अशा शहरांतील तंबाखूवाल्यांच्या दुकानांत दिसत असे. पाने व देठ उखळात कुटून त्यात शिरा, म्हणजे उसाची मळी, घालून तो लगदा मळत. मळीचे प्रमाण बेताचे असलेल्या जहाल मालाला कडवा म्हणत, सौम्य व गोड मालाला मीठा, आणि दोहोंच्या मिश्रणाला दोरसा. सर्वांत वरचा खमिरा. त्यात फळांचा गर, मसाले आणि सुगंधी द्रव्ये घालून मिश्रण मातीच्या भांड्यांत तोंड बंद करून मुरत ठेवले जाई. बंगालमध्ये विष्णुपूरच्या अंबरी तंबाखूची अशीच ख्याती होती. मराठी मुलखात या गुळाच्या लगद्याला गुडाखू म्हणत आणि तो गुडगुडी बाळगणाऱ्या सरदार-सावकारांच्या ऐपतीतला होता. सामान्य कुणबी कोरडी तंबाखू चिलमीतच ओढत राहिला. तंबाखूची जी जात हुक्क्यासाठी उत्तम मानली जाते तिला थंड हवा मानवते, म्हणून तिची लागवड उत्तर हिंदुस्थान, बिहार आणि उत्तर बंगाल येथेच एकवटली, आणि महाराष्ट्रात हुक्का रयतेपर्यंत पोचला नाही याचे एक कारण तेही असावे.

उन्हाळ्यात लगदा कडक झाला की त्याला पुन्हा जीव आणणे हा या व्यवसायाचा नित्याचा भाग होता. पातळ काकवी किंवा पाण्यात कालवलेला गूळ थोडाथोडा लावून तंबाखू हाताने मळायची, झाकून ठेवायची आणि ओलावा पानाच्या आतपर्यंत उतरू द्यायचा, अशी ही क्रिया असते. घाई केली तर बाहेरचा थर चिकट आणि गाभा कोरडा राहतो, गूळ जास्त झाला तर चिलमीत साखर करपून कडू धूर येतो. श्रीमंतांच्या घरी ही काळजी हुकेबरदार वाहत असे. तंबाखू भरणे, निखारे सांभाळणे आणि भांड्यातील पाणी बदलणे हे सारे त्याच्याकडे होते. त्याची प्रतिष्ठा किती होती हे 1779 मधील गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज दांपत्याच्या कलकत्त्यातील एका निमंत्रणावरून कळते, कारण पाहुण्यांनी हुकेबरदाराखेरीज अन्य नोकर आणू नयेत अशी विनंती त्यात केलेली होती. पुढे 1810 मध्ये इंग्लंडात स्थायिक झालेल्या दीन महंमद या हिंदी गृहस्थाने लंडनमध्ये ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ उघडले तेव्हा हिंदुस्थानातून परतलेल्या साहेबांना आकर्षित करण्यासाठी त्याच्या जाहिरातीत अस्सल चिलमीच्या तंबाखूचा उल्लेख होता. दोन वर्षांतच त्याचे दिवाळे निघाले.

गुळाची सत्ता ढिली केली ती ग्लिसरीनने. स्वीडनचा रसायनज्ञ शेले याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेलापासून हा गोडसर, दाट द्रव वेगळा केला आणि पुढे साबणाच्या कारखान्यांत तो जोडउत्पादन म्हणून मुबलक मिळू लागला. तो पाणी ओढून घेतो, सहजी आंबत नाही, आणि त्याचा उत्कलनबिंदू सुमारे 290 अंश असल्यामुळे निखाऱ्याखाली सावकाश वाफाळत पांढरा दाट धूर देतो, जो नुसत्या गुळाला कधीच साधला नाही. इजिप्तमध्ये मध किंवा मळी घालून केलेल्या मुअस्सल नावाच्या तंबाखूची परंपरा होती. 1990 च्या दशकात ग्लिसरीन आणि फळांच्या कृत्रिम स्वादांनी युक्त मुअस्सल तेथून आणि आखाती देशांतून जगभर पसरले व हवाबंद डब्यांतून मुंबई-पुण्यापर्यंत आले. डबा उघडा राहून वाळलेल्या अशा तंबाखूत आज ग्लिसरीन किंवा मध मिसळतात. क्रिया तीच, फक्त तंबाखूवाल्याचा हात त्यातून गेला आहे.

ओलाव्यामुळे धुराला येणारा मऊपणा फसवा होता हेही नोंदवले पाहिजे. ठसका लागत नाही म्हणून झुरका खोल जातो, एक बैठक तासभर चालते, आणि निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू पाण्याने अडत नाही. मुंबईत 29 डिसेंबर 2017 रोजी कमला मिल आवारात लागलेल्या आगीत 14 जणांचा मृत्यू झाला आणि चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यांच्या ठिणग्यांकडे बोट दाखवले गेले. त्यानंतर 2018 मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरांवर बंदी घातली. तेव्हा बाजारात तंबाखूविरहित म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांचा प्रश्न उभा राहिला, ज्यांत ग्लिसरीन, साखर आणि स्वाद यांचे लेपन एखाद्या निकोटीनरहित वनस्पतीवर केलेले असते. तंबाखूला ओली ठेवण्यासाठी आणलेले पदार्थ आता तंबाखूशिवायच चिलमीत बसले होते, आणि त्यांना हुक्का म्हणायचे की नाही हा वाद न्यायालयांपर्यंत गेला.