मिलो, सुकडी आणि हक्काची भाकर

१/ मराठवाड्यात सेलूपासून भूमपर्यंत कोठेही ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हटले की जुन्या माणसांच्या तोंडी दोन शब्द येतात : मिलो आणि सुकडी. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. सुकडी म्हणजे दुष्काळी कामांवर वाटला जाणारा गोडसर पूरक आहार. या शब्दांमागे एका युद्धाचीही कथा आहे.

२/ १९६५-६६ च्या अवर्षणात भारत अमेरिकेच्या ‘पीएल-४८०’ गव्हावर अवलंबून होता. १९६६ मध्ये सुमारे १ कोटी टन धान्य आयात झाले. अध्यक्ष जॉन्सन जहाजांना मंजुरी देत ती थोडी थोडी, भारताचे धोरण पाहून. मदत हे राजकीय हत्यार असते, हा धडा दिल्लीने तेव्हा घेतला.

३/ डिसेंबर १९७१. बांगलादेश युद्ध सुरू होताच अमेरिकेने भारताची ८ कोटी ७६ लाख डॉलरची आर्थिक मदत रोखली. हरितक्रांतीने कोठारे भरलेली होती. सवलतीच्या धान्याची आयात भारताने त्याच वर्षाअखेर बंद केली.

४/ त्याच वेळी भारत स्वतः दाता झाला होता. सुमारे १ कोटी निर्वासितांना त्याने पोसले होते. स्वतंत्र बांगलादेशात चितगाव बंदर सुरुंगांनी व बुडालेल्या जहाजांनी अडले होते, पूल मोडले होते. पहिल्या महिन्यांत तेथे पोहोचलेल्या धान्यात भारताचा वाटा मोठा होता.

५/ आणि १९७२ चा पाऊस महाराष्ट्रात दगा देऊन गेला. कोठारे झपाट्याने रिती झाली. सरकारला परदेशी बाजारात रोख पैसे मोजून धान्य घ्यावे लागले. १९७३ मध्ये सोव्हिएत संघाने २० लाख टन गहू उसना दिला.

६/ सेलू हे मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरचे स्थानक. तेव्हा हा मार्ग मीटरगेज होता. मुंबईकडून ब्रॉडगेजने आलेला माल मनमाडला उतरवून पुन्हा दुसऱ्या डब्यांत भरावा लागे. धान्य देशात असणे आणि ते गावात पोहोचणे, यांत असे अंतर असते.

७/ तरीही केवळ धान्याने माणसे जगली नाहीत. बाजारात ज्वारी असून उपयोग काय, खिशात दाम नसेल तर? मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणे अशी कामे काढली. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळपास ५० लाख मजूर होते. राज्याची लोकसंख्या तेव्हा सुमारे ५ कोटी, म्हणजे दर दहा माणसांमागे एक.

८/ हे सारे सुरळीत नव्हते. मजुरी अपुरी होती, ती वेळेवर मिळत नसे. त्यासाठी मजुरांनी मोर्चे काढले, संप केले. मागणी भिकेची नव्हती, कामाची आणि दामाची होती.

९/ बांगलादेशाची दुसरी बाजू पाहा. १९७४ मध्ये त्याने क्यूबाला तागाची पोती विकली, म्हणून अमेरिकेने अन्नमदत अडवली. महापूर आणि भाववाढ होतीच. दुष्काळाने सरकारी आकड्यानुसार सुमारे २६ हजार बळी घेतले. अभ्यासकांचे अंदाज कितीतरी पट अधिक आहेत. तेथेही अनेकांची उपासमार झाली ती मजुरी बुडाल्यामुळे.

१०/ महाराष्ट्रात मात्र दुष्काळी कामांतून कायदा उभा राहिला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकारलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. शहरी नोकरदारांचा व्यवसाय कर त्यासाठी वापरला गेला. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याचे मूळ येथे आहे.

११/ मदत देणाऱ्याच्या मर्जीवर येते आणि मर्जी फिरली की थांबते. हक्क कायद्यात लिहिलेला असतो, त्यासाठी भांडता येते. युद्धातून वा दुष्काळातून सावरणाऱ्या कोणत्याही देशाला पहिल्या दिवशी धान्याचे पोते लागतेच. पण पुढच्या वर्षी लोक कशावर जगतील, हे ते पोते ठरवीत नाही.

१२/ आपल्या गावाजवळचा पाझर तलाव कोणत्या साली बांधला, हे एकदा विचारून पाहा. उत्तर ‘बहात्तर-त्र्याहत्तर’ आले, तर तो कोणाच्या हातांनी खोदला हेही विचारा. ते हात अजून गावात असतील.