नाट्यपदांवरील ‘चाल’ : एक ऐतिहासिक साधन

मराठी संगीत नाटकांच्या छापील प्रती चाळताना पदाच्या शिरोभागी राग व ताल यांच्याबरोबरच ‘चाल’ असा एक निर्देश आढळतो. ज्या गीताच्या वळणावर ते पद बांधले असेल, त्याचे आरंभीचे शब्द तेथे दिलेले असतात. गायकनटाच्या सोयीसाठी केलेली ही नोंद वाङ्मयाच्या अभ्यासकाने बहुधा दुर्लक्षिली. परंतु एका गायनप्रकारातून दुसऱ्या गायनप्रकारात स्वरांचे स्थलांतर कसे झाले, हे दाखविणारे तिच्याइतके प्रत्यक्ष साधन क्वचितच मिळेल. त्या साधनाचे मोल व मर्यादा यांचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. किर्लोस्कर मूळचे गुर्लहोसूरचे. त्यामुळे कानडी मुलखातील चाली त्यांच्या कानी लहानपणापासून होत्या. त्यांच्या जोडीला कीर्तनातील साकी व दिंडी, तसेच लावणीची वळणे त्यांनी घेतली. पुढे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘वीरतनय’ (१८९६) या नाटकात पारशी-गुजराती रंगभूमीवरील चाली आणल्या. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदे’ने (१८९९) साध्या, घरगुती वळणाच्या चालींचा मार्ग पत्करला. यावरून चालींची निवड हा केवळ रुचीचा प्रश्न नव्हता, हे ध्यानी येते. आपला प्रेक्षक कोण आणि नाटकाचे नाते कोणत्या परंपरेशी जोडावयाचे, याचे उत्तर नाटककार त्या निवडीतूनच देत होता.

१९११ साली ‘मानापमान’ आले आणि या व्यवहाराचे स्वरूप पालटले. खाडिलकरांच्या पदांना चाली देण्याचे काम गोविंदराव टेंबे यांनी केले. त्यांनी पूरब अंगाच्या ठुमरी, दादरा व गझल यांचा आधार घेतला. त्यानंतर ‘स्वयंवर’ (१९१६) नाटकासाठी भास्करबुवा बखले यांनी ख्यालगायनातील बंदिशी मराठी शब्दांत उतरविल्या. बालगंधर्वांच्या गळ्यातून त्या महाराष्ट्रभर पसरल्या. ज्यांनी कधी मैफल ऐकली नव्हती, त्यांनाही यमन आणि भूप ओळखीचे झाले ते या वाटेने. येथे अनुकरण हा शब्द अपुरा पडतो. शब्द बदलले की स्वरांचे आघात बदलतात, प्रसंग बदलला की लय बदलते, आणि नटाला अभिनय सांभाळून गावयाचे असल्याने विस्तारालाही वेगळी मर्यादा पडते. मूळ बंदिश ओळखता येते; परंतु पद ही स्वतंत्र वस्तू झालेली असते.

मैफल आणि रंगभूमी यांतील ही ये-जा चालींपुरती नव्हती. माणसेही एका क्षेत्रातून दुसऱ्यात जात. या संदर्भात नाशिकचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर उत्तरायुष्यात नाशिक येथे आश्रम स्थापून राहिले. शृंगारिक शब्दांच्या जागी भक्तिपर शब्द योजून जुन्या बंदिशी नव्या समाजात प्रतिष्ठित करण्याचा त्यांचा प्रयत्न नाट्यपदांच्या प्रक्रियेशी जवळचे नाते सांगतो. त्यांचेच शिष्य विनायकराव पटवर्धन गंधर्व नाटक मंडळीत काही वर्षे गायकनट होते आणि पुढे १९३२ मध्ये त्यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय स्थापिले. त्याच वर्षी प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाला टेंबे यांनी संगीत दिले. म्हणजे रंगभूमीने घेतलेले धन ती विद्यालयाला आणि चित्रपटालाही देत होती. मेळ्यांतील पदे नाट्यपदांच्या चालींवर रचली जाऊ लागली, तेव्हा कालपर्यंत ऋणको असलेले नाट्यपद स्वतःच धनको झाले.

आता या साधनाची मर्यादा. ‘चाल’ हा निर्देश मूळ गीताचे शब्द देतो. ते गीत कोणाच्या कंठातून आले, हे सांगत नाही. ठुमरी-दादरा जतन करणाऱ्या गायिका, लावणीच्या फडातील कलावंत, कानडी गायक यांची नावे त्या ओळीत नाहीत. ऋण मान्य केले गेले, धनकोचे नाव मात्र लिहिले गेले नाही. सोवळ्या प्रेक्षकवर्गाला कोठीवरील स्वर रंगभूमीवर चालत होते. ते जपणाऱ्या स्त्रीचे नाव चालले असते काय, हा प्रश्न सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाला टाळता येणार नाही.

वसंत कानेटकर नाशिकला प्राध्यापक होते. त्यांच्या ‘मत्स्यगंधा’ (१९६४) नाटकाला जितेंद्र अभिषेकी यांनी संगीत दिले, तेव्हा आटोपशीर आणि प्रसंगानुरूप स्वररचनेचे युग दृढ झाले. संगीतकाराचे नाव ठळक झाले, ही न्याय्य गोष्ट होय. परंतु उगमाची नोंद करण्याची जुनी रीत त्याबरोबर मागे पडली. अभिषेकींचेच संगीत लाभलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकावर २०१५ मध्ये चित्रपट निघाला, आणि २०२५ मध्ये ‘मानापमान’ही पडद्यावर आले. आज इंदिरानगरसारख्या नव्या वसाहतीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला नाट्यपद प्रथम भेटते ते बहुधा अशा नव्या वाद्यमेळासह. त्या नव्या रूपाकडून मागे ‘मानापमाना’च्या छापील प्रतीकडे आणि तेथील ‘चाली’वरून पूरबेच्या ठुमरीकडे जाता येते. ही वाट अजून मोकळी आहे. संगीत नाटकांच्या पहिल्या आवृत्त्यांतील सर्व ‘चालीं’ची सूची करून, उपलब्ध ध्वनिमुद्रिकांशी ती ताडून पाहणे, हे काम पदव्युत्तर अभ्यासकांनी हाती घ्यावे. त्यातून किमान काही विस्मृत गायिकांची नावे त्यांच्या स्वरांना परत मिळू शकतील.