सुरक्षित घर की परवडणारे घर? मुंबईच्या चाळींचा इतिहास

१/ सप्टेंबर १८९६. मांडवीतील एका रुग्णाला प्लेग झाल्याचे निदान डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी केले आणि लवकरच माणसे मुंबई सोडून जाऊ लागली. गरिबांच्या घरांचा प्रश्न शासनाला यापुढे टाळता येणार नव्हता. त्या प्रयत्नांचा हा मागोवा. #थ्रेड

२/ रोगाचे मूळ अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत आहे, अशी अधिकाऱ्यांची धारणा होती. आत ऊन यावे म्हणून छपरांची कौले उतरवली गेली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यूएचएच’ ही इंग्रजी अक्षरे रंगवली गेली.

३/ १८९८ मध्ये ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. नागपाड्यासारख्या दाट वस्त्या पाडून तेथे मोकळी हवा आणणे, रुंद रस्ते काढणे हे त्याचे काम. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड ही त्याचीच निर्मिती.

४/ मात्र घर पाडले तरी त्यातील माणूस उरतोच. गोदीतल्या किंवा गिरणीतल्या कामगाराला कामापासून दूर जाणे शक्य नव्हते. तो शेजारच्या गल्लीत शिरला. तिथली गर्दी वाढली आणि भाडेही चढले.

५/ ट्रस्टने विस्थापितांसाठी चाळी बांधल्या. त्याच ‘बीआयटी चाळी’. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे दोन दशके राहिले. पण पाडलेल्या खोल्यांची भरपाई बराच काळ झाली नाही. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

६/ पुढे रोख भाड्याकडे वळला. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे आधारभूत मानले. युद्धोत्तर महागाईत लाखो कुटुंबांचे छप्पर त्यामुळे टिकले.

७/ भाडे गोठले. चुना, लाकूड आणि मजुरी यांचे दर मात्र वाढतच राहिले. मिळणाऱ्या भाड्यात दुरुस्ती भागेना, तेव्हा मालकांनी हात आखडता घेतला. व्यवहार पागडीवर चालू लागले. तुळया कुजल्या आणि पावसाळ्यात जुन्या इमारती कोसळू लागल्या.

८/ त्यावर १९६९ चा कायदा आला. जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्यातून दुरुस्ती करणारे मंडळ नेमले गेले. वसुली महापालिकेकडे, दुरुस्ती मंडळाकडे. सुमारे १९,६०० इमारती ‘उपकरप्राप्त’ ठरल्या. तरीही निधी अपुराच पडला आणि संक्रमण शिबिरांत गेलेल्या अनेक कुटुंबांचा मुक्काम वर्षानुवर्षे लांबला.

९/ १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरवल्या. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीस मुभा दिली. पण मूळ भाडेच नगण्य असल्याने फरक थोडाच पडला.

१०/ १८९८ मध्ये सुरक्षिततेचा विचार झाला, पण भाड्याचा राहून गेला. १९४७ मध्ये नेमके उलट घडले. दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न १९६९ मध्ये थेट हाती घेतला गेला. गिरगाव-भायखळ्यात टेकू लावून उभ्या असलेल्या इमारतींतील रहिवासी आजही त्याच्याच उत्तराची वाट पाहत आहेत.